प्रौढ वयात मॅरेथॉनची पूर्वतयारी

१९६२ सालच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले होते. त्यांचे वय त्या वेळी एक्कावन्न वर्षांचे होते. नामवंत धावपटूंना त्यांनी घडविले होते, परंतु स्वतः धावण्याची सवय त्यांना राहिली नव्हती. ऑकलंड शहरातील आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाने त्यांना एके दिवशी सकाळी आपल्या मंडळींबरोबर धावावयास नेले. ही मंडळी म्हणजे कोणी निवडक क्रीडापटू नव्हेत. त्यांत सामान्य नागरिक होते, स्त्रिया होत्या आणि वृद्धही होते. थोड्याच अंतरात बॉवरमन यांना धाप लागली. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीसाठी मागे राहिले. या गृहस्थांना पूर्वी हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. मायदेशी परतल्यावर बॉवरमन यांनी प्रौढांसाठी मंद धावण्याचे वर्ग सुरू केले आणि एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने १९६७ मध्ये या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. प्रौढ माणसाने धावणे ही गोष्ट अमेरिकेत प्रतिष्ठित होण्यास हे पुस्तक बरेचसे कारणीभूत झाले.

लिडियर्ड यांची पद्धत मुळात साधी होती. आधी पुष्कळ महिने मंद गतीने लांब अंतर धावावे, वेगाचा विचार त्यानंतर करावा. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर गती जास्त आहे असे समजावे. याच पायावर त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. जी पद्धत ऑलिंपिक विजेत्यांना मानवली तीच हृदयरोगातून उठलेल्या वृद्धांनाही मानवावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. या पद्धतीत शरीराला पुरेसा अवधी दिला जातो हे लक्षात घेतले, म्हणजे या आश्चर्याचे कारण उरत नाही. हा अवधी नेमका किती असावा आणि कशासाठी असावा, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरविण्यात आले. आपल्या देशात मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ती साधारणतः जानेवारी महिन्यात भरते. तिच्यात आणि इतर शहरांतील अशाच शर्यतींत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्री-पुरुषांची गर्दी सहज डोळ्यांत भरते. यांतील पुष्कळांनी शाळा सोडल्यानंतर प्रथमच पायात धावण्याचे बूट घातलेले असतात.

वय वाढते तसे शरीरात काय घडते, हे प्रथम पाहू. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर दीर्घ श्रमाची क्षमता अवलंबून असते. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत ही क्षमता दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट साधारणतः निम्म्यावर येते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गतीही उतरत जाते. २२० मधून वय वजा करावे असा एक ठोकताळा प्रचलित आहे. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्याऐवजी वयाच्या सात-दशांश इतकी संख्या २०८ मधून वजा करण्याचे सूत्र सुचविले. पन्नासाव्या वर्षी पहिल्या हिशेबाने १७० आणि दुसऱ्याने १७३ ठोके येतात. साठाव्या वर्षी हा फरक दुपटीने वाढतो. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन व्यक्तींत याहून कितीतरी मोठा फरक असू शकतो. म्हणून मनगटावरील घड्याळात दिसणाऱ्या आकड्यापेक्षा लिडियर्ड यांची बोलण्याची कसोटी अधिक विश्वसनीय मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिला खर्चही काही येत नाही.

ही घट म्हणजे नकार नव्हे. पोर्तुगालचे कार्लोस लोपेस यांनी १९८४ ची ऑलिंपिक मॅरेथॉन सदतिसाव्या वर्षी जिंकली. कॅनडाचे एड व्हिटलॉक तरुणपणी धावत असत, मग दीर्घकाळ त्यांनी धावणे सोडले आणि चाळिशीच्या सुमारास पुन्हा सुरू केले. २००३ मध्ये बहात्तराव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत आणि पुढच्याच वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. त्यांचा सराव घराजवळच्या दफनभूमीतील रस्त्यावर तासन्‌तास मंद फेऱ्या घालण्याचा असे. जालंधरजवळच्या गावातून इंग्लंडला गेलेले फौजा सिंग आपली पहिली मॅरेथॉन २००० साली लंडन येथे धावले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा जन्म १९११ चा होता. जन्माचा दाखला नसल्यामुळे त्यांचे विक्रम काही ठिकाणी नोंदले गेले नाहीत. परंतु ते अतिशय वृद्ध होते, याविषयी त्यांना पाहणाऱ्या कोणासही शंका नव्हती. २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शरीराचे सगळे भाग सारख्याच गतीने तयार होत नाहीत. धावणे सुरू केल्यावर दहा-पंधरा दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. त्यानंतर स्नायूंच्या पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म तंतुकणिका वाढू लागतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये बारा आठवडे धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंत प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवून दिले. स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते. रक्तवाहिन्यांना मिळणारा लाभ माणसांत मोजला गेला आहे. लंडन मॅरेथॉनची प्रथमच तयारी करणाऱ्या १३८ व्यक्तींची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे सहा महिन्यांच्या माफक सरावानंतर त्यांचा रक्तदाब उतरला होता. महारोहिणीचा ताठरपणाही कमी झाला होता. जणू ती चार वर्षांनी तरुण झाली होती. विशेष म्हणजे हा लाभ अधिक वयाच्या आणि मंद गतीने धावणाऱ्या पुरुषांना सर्वांत जास्त झाला.

एवढ्यावरून वाचकाचा उत्साह वाढला असेल, तर त्याने पुढचा भाग सावकाश वाचावा. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा शरीरातील सर्वांत जाड असून धावणाऱ्याचा प्रत्येक पाय तिच्याच बळावर उचलला जातो. तिला रक्ताचा पुरवठा अत्यल्प असतो. तिचे नूतनीकरण कितपत होते, हे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये एका विलक्षण युक्तीने शोधले. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अण्वस्त्रांच्या चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन प्रत्येकाच्या शरीरात उतरला. त्यामुळे शरीराचा एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला, हे त्यातील कार्बनच्या प्रमाणावरून सांगता येते. टाचेच्या कंडरेचा गाभा वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असे त्यांना आढळले. त्याच व्यक्तींच्या स्नायूंमध्ये मात्र सतत नूतनीकरण झालेले दिसले. म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ ज्या कंडरेवर धावतो, ती त्याच्या शाळेच्या दिवसांतील असते. व्यायामाने ती काही प्रमाणात बळकट होते, परंतु अतिशय मंद गतीने.

हाडांची रीत आणखी वेगळी आहे. नवा भार पडू लागला की हाडातील काही पेशी जुना भाग काही आठवड्यांत कोरून काढतात. त्या जागी नवे हाड पक्के बसण्यास मात्र तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षाही किंचित दुर्बल असते. नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर पडण्याचे प्रकार सराव सुरू करून काही आठवडे लोटल्यावर घडतात, त्याचे एक कारण हेच होय. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता झपाट्याने उतरते. त्यांनी या बाबतीत दुप्पट सावध राहावे. शिवाय २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा लवकर दम लागणाऱ्या स्त्रीने आपल्या इच्छाशक्तीला दोष देण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

यावरून एक विचित्र परिस्थिती उद्‌भवते. आठव्या-दहाव्या आठवड्यात धावणाऱ्याला श्वास पुरू लागतो, मन उल्हसित होते आणि अंतर एकदम वाढवावेसे वाटते. नेमक्या त्याच वेळी कंडरा आणि हाडे अपुरी असतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, आणि पाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये पन्नास हजारांच्या आसपास पावले पडतात. विशीतील तरुणाला ही विसंगती बहुधा जाणवत नाही. प्रौढ माणसाने मात्र सरावाची गती आपल्या श्वासावर न ठरविता शरीरातील सर्वांत मंद घटकावर ठरविली पाहिजे.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये असा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्‌समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवशिक्यांवर याची परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने या नियमानुसार तेरा आठवडे आणि दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे सराव केला. दोन्ही गटांत सुमारे वीस टक्के लोकांना दुखापती झाल्या. यावरून काही जण सावकाशपणा निरर्थक ठरवतात. परंतु कंडरेच्या हिशेबाने आठ आठवडे काय किंवा तेरा काय, दोन्ही मुदती अपुऱ्याच होत.

तर मग किती अवधी घ्यावा? तासभर न थकता चालू शकणाऱ्या, अन्यथा निरोगी असलेल्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या व्यक्तीने दीड वर्ष धरावे. जानेवारीतील मुंबईच्या शर्यतीसाठी आधीच्या वर्षाचा जुलै नव्हे, तर त्याच्याही आधीच्या वर्षाचा जुलै. पहिले तीन-चार महिने आठवड्यातून तीन किंवा चार दिवस, दर वेळी अर्धा-पाऊण तास, दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम ठेवावा. लागोपाठ दोन दिवस धावू नये. पुढे चालण्याचा भाग कमी करीत नेऊन पहिल्या जानेवारीपर्यंत सलग पाच-सहा किलोमीटर सुखाने धावता आले तरी पुरे. त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत आठवड्याचे एकूण अंतर पंचवीस-तीस किलोमीटरवर आणून ते काही महिने तिथेच राहू द्यावे. या टप्प्यावर माणसे कंटाळतात, कारण प्रगती दिसत नाही. वस्तुतः कंडरा आणि हाडे याच काळात तयार होत असतात.

शेवटच्या पाच महिन्यांत आठवड्यातून एक दिवस लांब धावण्यासाठी राखून ठेवावा. हे अंतर दर आठवड्यास दीड-दोन किलोमीटरने वाढवावे. दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. वाढत वाढत ते तीस किलोमीटरच्या आसपास पोहोचले की थांबावे. सरावातच पूर्ण मॅरेथॉन धावून पाहण्याचा मोह काहींना होतो. त्यातून लाभ थोडा आणि झीज फार होते. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव निम्म्यावर आणावा. लांब धावताना दर काही मिनिटांनी मिनिटभर चालण्यात कमीपणा नाही. अमेरिकेचे जुने ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही रीत हजारो प्रौढांना शिकविली.

कंडरेला बळकट करण्याचा एक उपाय मात्र निश्चित आहे आणि त्याचा इतिहास गमतीदार आहे. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांची टाचेची कंडरा दुखत असे. दुखणे पुरेसे गंभीर नसल्याचे सांगून त्यांच्या वरिष्ठांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. तेव्हा कंडरा एकदाची तुटावी म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हेतूने त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम, वेदना होत असतानाही, नेटाने चालविला. कंडरा तुटली नाही, दुखणेच गेले. पुढे त्यांनी हाच व्यायाम कंडरेच्या जुनाट दुखण्याने त्रासलेल्या पंधरा हौशी धावपटूंकडून बारा आठवडे करवून घेतला. या मंडळींचे सरासरी वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. ते सर्व पुन्हा धावू लागल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुखणे होण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच हा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावा. जोडीला आपल्याकडील आखाड्यांतील बैठका उत्तम. मांड्या आणि नितंब यांना त्यांच्याइतका स्वस्त व्यायाम दुसरा नाही.

हृदयाविषयी दोन परस्परविरोधी समजुती आढळतात आणि दोन्ही घातक आहेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञ टॉमस बॅस्लर यांनी असे प्रतिपादन केले होते, की मॅरेथॉन पुरी करणाऱ्याच्या हृद्‌रोहिण्या रोगापासून सुरक्षित राहतात. बोस्टन मॅरेथॉन सात वेळा, त्यांपैकी शेवटची १९३० मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी जिंकणारे क्लॅरेन्स डीमार यांचे शवविच्छेदन या मताला पोषक वाटले. १९५८ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या डीमार यांच्या हृद्‌रोहिण्या नेहमीपेक्षा दोन-तीन पट रुंद आढळल्या होत्या. परंतु १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांतही हृद्‌रोहिण्यांचा रोग असल्याचे शवविच्छेदनाच्या आधारे दाखविले. १९८४ मध्ये तर धावण्याविषयीच्या अतिशय लोकप्रिय पुस्तकाचे लेखक जिम फिक्स बावन्नाव्या वर्षी धावतानाच मृत्यू पावले. त्यांच्या हृद्‌रोहिण्या मोठ्या प्रमाणात अरुंद झालेल्या होत्या. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. पस्तिसाव्या वर्षापर्यंत फिक्स स्वतः स्थूल होते आणि धूम्रपान करीत.

दुसरी समजूत याच्या उलट आहे: या वयात धावणे म्हणजे मरण ओढवून घेणे. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींत सुमारे १ कोटी ९ लक्ष लोक धावले. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ दगावले. म्हणजे जवळजवळ १ लक्ष ८४ हजारांत एक घटना. हे प्रमाण अल्प आहे. मात्र ते सर्वांसाठी सारखे नाही. या ५९ जणांत बहुतेक पुरुष होते आणि त्यांचे सरासरी वय बेचाळीस होते. आपल्या देशाच्या दृष्टीने आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. अनेक देशांत केलेल्या एका तुलनेत दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ आढळले. इतरत्र ते ५९ होते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, आणि विशेषतः ज्याच्या वडिलांना किंवा भावाला अकाली हृदयविकार झाला असेल, ज्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, त्याने सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. स्वस्थ पडून काढलेला हृदयाचा आलेख निर्दोष असला, तरी तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. श्रमाखालील परीक्षेची गरज आहे काय, हे विचारावे. तीही सर्व दोष पकडते असे नाही. धावताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा वाटला, पूर्वी सहज जमणाऱ्या अंतराला एकाएकी धाप लागू लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबावे. पित्त झाले असेल असे म्हणून पुढे जाण्याची आपल्याकडील सवय प्राणघातक ठरू शकते.

अन्नपाण्याविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. शरीर पिष्टमय अन्नाचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात करते. त्यातून सुमारे दोन हजार कॅलरी मिळू शकतात. धावण्यास दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते. पासष्ट किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २७०० कॅलरी लागतील. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पायांतील त्राण एकाएकी जाते, ते बहुधा या तुटीमुळे. चरबीचा साठा भरपूर असला तरी त्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून सुरुवातीस गती मंद ठेवावी आणि वाटेत थोडे थोडे गोड खावे. केळे, गूळ, खजूर यांपैकी काय पचते, हे लांबच्या सरावातच पाहून ठेवावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम नेहमीच्या मर्यादेखाली उतरलेले आढळले. अतिरिक्त द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. मंद गतीने धावणाऱ्यांना प्रत्येक टेबलापाशी थांबून पिण्यास वेळ मिळतो, त्यामुळे हा धोका त्यांनाच अधिक असतो.

भारतासारख्या देशात हवामान हा स्वतंत्र प्रश्न आहे. दिल्ली, चंदीगड किंवा लखनौ येथील माणूस डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सराव करून मुंबईला येतो, तेव्हा त्याच्या शरीराची उष्णतेशी ओळख पुसली गेलेली असते. उष्ण आणि दमट हवेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. इतके दिवस आधी येऊन राहणे बहुतेकांना शक्य नसते. तेव्हा सरावाच्या काळातील आपला वेग त्यांनी शर्यतीच्या दिवशी विसरून जावा. मुंबईची शर्यत पहाटे सुरू होत असली तरी मंद धावणाऱ्याचा उत्तरार्ध उन्हात येतो आणि पेडर रोडचा चढ नेमका त्याच थकलेल्या टप्प्यात लागतो. तिथे चालत जाणारे पुष्कळ असतात. त्यांच्यात सामील होण्यास हरकत नसावी.

शर्यतीनंतर दोन-तीन दिवस जिना उतरणे कठीण जाते. स्नायूंची ही वेदना आठवड्याभरात ओसरते आणि मग पुन्हा धावण्याची इच्छा होते. पहिला आठवडा केवळ चालण्यात घालवावा, दुसऱ्या आठवड्यात एक-दोनदा वीस मिनिटे मंद धावावे आणि महिनाभर लांब अंतराच्या वाटेस जाऊ नये. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या काही पावलांत टाच ताठरलेली वाटत असेल, तर ही मुदत तो ताठरपणा जाईपर्यंत वाढवावी.